कोणता मेसेज ठेवायचा, कोणता काढायचा? गावच्या ग्रुपच्या ॲडमिनसाठी

गणपती जवळ आले, निवडणूक लागली किंवा बंदराच्या जनसुनावणीची चर्चा सुरू झाली की वाचकांकडून एकाच धाटणीचे प्रश्न येऊ लागतात. "ग्रुप मी काढला, पण घाण टाकली दुसऱ्याने. पोलीस मला उचलतील का?" "सोसायटीवर टीका करणारा मेसेज काढा असं पदाधिकारी सांगतायत. काढू का?" "एकाला ग्रुपमधून काढलं, तर आता तो गावभर सांगत फिरतोय की मला वाळीत टाकलं." हे प्रश्न पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीतून येतात, मुरब्यातून येतात, बोईसरच्या बिल्डिंगमधून येतात आणि डहाणू लोकलने रोज चर्चगेट गाठणाऱ्यांकडूनही येतात.

गंमत अशी की बहुतेकांना आपण अडकू की नाही, एवढंच हवं असतं. त्याचं उत्तर लहान आहे. खरी अडचण पुढे आहे: समोर आलेला मेसेज ठेवायचा की काढायचा, आणि काढला तर कोणत्या अधिकारात.

पोलीस मला उचलतील का?

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, निव्वळ ॲडमिन आहात म्हणून, तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. तिथे एका सदस्याने ग्रुपमधल्या महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली होती. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनलाही आरोपी केलं होतं. न्यायालयाने त्याच्यावरची कारवाई रद्द केली. ॲडमिन आणि मजकूर टाकणारा यांचा हेतू एक होता किंवा दोघांनी आधी ठरवून हे केलं, असं दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या शब्दांची शिक्षा ॲडमिनला देता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दिशेने निकाल दिला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. नागपूरच्या निकालात ॲडमिनच्या हातात काय असतं याचा विचार झाला, तेव्हा माणूस घेणं आणि माणूस काढणं एवढंच त्याला शक्य होतं. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांच्या फोनमधून पुसण्याची सोय दिली. त्यामुळे "माझ्या हातात होतंच काय?" हा बचाव पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही, असं माझं मत आहे. निकाल खिशात ठेवून झोपा काढू नका.

तुम्ही खरोखर अडकता ते अशा वेळी:

- आक्षेपार्ह मजकूर तुम्ही स्वतः टाकला किंवा पुढे पाठवला असेल. "आलं तसं ढकललं" हा बचाव होत नाही.
- टाकणाऱ्याला तुम्हीच सांगितलं असेल, किंवा खाली "बरोबर बोललास, पसरव" असं लिहून हातभार लावला असेल.
- ग्रुपच कोणाची बदनामी करायला किंवा दोन समाजांत वितुष्ट आणायला काढला असेल.
- लहान मुलांचा अश्लील मजकूर फोनमध्ये साठवून ठेवला असेल. तो नुसता जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो.

१ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. समाजात तेढ वाढवणं (कलम १९६), धर्मभावना जाणूनबुजून दुखावणं (२९९), घबराट किंवा वैर पसरवणारी विधानं (३५३), बदनामी (३५६) आणि आयटी कायद्यातलं अश्लील मजकुराचं कलम ६७, ही कलमं ग्रुपवरच्या भांडणांत बहुतेक वेळा पुढे येतात. पाठ करायची गरज नाही. कोणी "६६अ लावतो तुला" म्हणून दम दिला, तर मात्र पुढचा भाग वाचा.

पालघरने पाहिलेली दोन टोकं

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. शिवीगाळ नव्हती, धमकी नव्हती. तरीही दोघींना अटक झाली आणि पोस्ट लिहिणारीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. पुढे सरकारने दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केलं आणि प्रकरण खटला न चालता बंद झालं. या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने आयटी कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्यानंतरही ठिकठिकाणी त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. देशभरातल्या लोकांचं बोलणं ज्या निकालाने थोडं सुरक्षित झालं, त्याची सुरुवात आपल्या पालघरमध्ये झाली, हे आपल्याकडेच फार थोड्यांना आठवतं.

दुसरं टोक एप्रिल २०२० चं. लॉकडाऊनचे दिवस होते. मुलं पळवणारे, चोर रात्री फिरतायत अशी अफवा जिल्ह्याच्या आतल्या भागात काही दिवस धुमसत होती. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला पोलिसांसमोर ठार मारलं. त्याआधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा अशाच अफवेने बळी घेतला होता. गडचिंचल्यानंतर आणखी एक लाट आली: मारणारे अमुक धर्माचे होते, अशा खोट्या मेसेजची. ती थोपवायला राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर खुलासा करावा लागला.

ॲडमिन म्हणून तुम्ही या दोन टोकांच्या मधे उभे आहात. प्रश्न विचारणारा मेसेज काढलात तर पहिल्या चुकीच्या बाजूला गेलात. घबराट पसरवणारा मेसेज रात्रभर राहू दिलात तर दुसऱ्या. पहिली चूक अधिक वेळा होते, कारण अफवा कोणाला टोचत नाही आणि टीका लगेच टोचते.

नियम आधी लिहा, माणूस समोर येण्याआधी

भांडण पेटल्यावर केलेला नियम त्या माणसाविरुद्ध केलेला नियम वाटतो, आणि बहुधा तो तसाच असतो. म्हणून ग्रुप शांत असताना चार-पाच ओळी लिहा आणि ग्रुपच्या माहितीत कायम दिसतील अशा ठेवा. नमुना देतो, आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या:

- हा ग्रुप मच्छीमार सोसायटीच्या सभासदांसाठी आहे: बर्फ, डिझेल, पापलेटचा भाव, हवामान, धक्क्याची कामं.
- कारभारावर टीका चालेल, हिशेब विचारलेला चालेल. आई-बहिणीवरून, जातीवरून, धर्मावरून बोललेलं चालणार नाही.
- बोट, अपघात, चोर, वादळ, गॅसगळती यांची बातमी कुठून कळली ते लिहिल्याशिवाय टाकू नये.
- कोणाच्याही घरातल्या बाईमाणसांचे, मुलांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत.
- मेसेज काढला तर कारण सांगितलं जाईल. पटलं नाही तर बाकीच्या ॲडमिनना विचारा.

शेवटची ओळ बहुतेक ग्रुप लिहीत नाहीत. बाकी चार नियम सदस्यांना बांधतात, ती तुम्हालाही बांधते. नियम फार बारीक मात्र करू नका. आस बारीक केला की जाळ्यात पापलेटची पिल्लंही येतात, हे सातपाटीला कोणी शिकवायला नको. "राजकारण नको" असा नियम लिहिलात तर वाढवण बंदर, मुरबे बंदर, धक्क्याची दुरुस्ती, खाडीतला गाळ सगळंच बंद होईल, कारण गावाचं राजकारण तेच आहे.

काय काढायचं, काय ठेवायचं

*लगेच काढायचं, नंतर बोलायचं.* बाईबद्दल अश्लील मजकूर, धमकी, एखाद्या समाजाला मारा-हाकला असं सांगणारं काहीही, आणि कोणाच्या आधार कार्डाचा, बँक पासबुकाचा फोटो. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे भलेपणातून होतो. पाकिस्तानी यंत्रणेने बोट पकडली आणि आपल्या जिल्ह्यातले खलाशी अडकले, की मदत म्हणून त्यांची कागदपत्रं ग्रुपवर येतात आणि तिथून गावोगाव जातात. कागदपत्रं सोसायटीकडे किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या. ग्रुपवर नाव आणि गाव पुरे.

अत्याचार झालेल्या मुलीचं किंवा बाईचं नाव, फोटो, शाळा, आळी, ओळख पटेल असं काहीही राहू देऊ नका. ती ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदा वेगळा लागू होतो. "न्याय मिळायलाच हवा" असं लिहून फोटो टाकणाऱ्याचा हेतू चांगला असेल, कायद्याला त्याने फरक पडत नाही.

*अफवा: थांबवायची, तपासायची, मग ठरवायचं.* इथे जरा थांबतो, कारण चुकलं तर सर्वांत महाग पडणारं काम हेच.

समजा, पावसाळा संपून हंगाम सुरू झालाय, बाहेर वारा आहे, आणि ग्रुपवर कोणाचा तरी आवाजातला मेसेज येतो: "अमक्याची बोट बुडाली म्हणतात." नाव बरोबर असेल, चुकीचं असेल. त्या बोटीवर सहा-सात खलाशी आहेत, आणि त्यांची घरं याच ग्रुपवर आहेत. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता यावर त्या घरांची रात्र कशी जाते ते ठरतं. असं करा:

- मेसेज लगेच पुसा आणि त्या जागी लिहा: "बोटीबद्दल एक खबर आली आहे, खात्री करतोय. कोणी पुढे पाठवू नये."
- टाकणाऱ्याला फोन करा. त्याने स्वतः वायरलेसवर ऐकलं, की कोणी सांगितलं? सांगणाऱ्यालाही फोन करा. दोन फोनमध्ये बहुतेक अफवा मरतात.
- बोटमालक आणि सोसायटीचं कार्यालय. मग सातपाटी सागरी पोलीस ठाणं. समुद्रातल्या शोध-बचावासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, सागरी सुरक्षेच्या खबरीसाठी १०९३.
- खबर खरी निघाली तर आधी माणूस घरी पाठवा. ग्रुपवर त्यानंतर. कोणत्याही बाईला आपल्या नवऱ्याची खबर फोन वाजून कळू नये.

याच पद्धतीने बाकीच्या अफवा हाताळता येतात, फक्त विचारायची जागा बदलते. तारापूर एमआयडीसीत वायू सुटला, कारखान्यात स्फोट झाला, असे मेसेज बोईसरच्या ग्रुपवर वारंवार येतात, आणि त्यातले काही खरेही असतात. तिथे आपत्ती कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ लावा. शिवाय वायू खरंच सुटला असेल तर मेसेज पुसून बसू नका. "खात्री होईपर्यंत दारं-खिडक्या लावून घ्या" एवढं लिहिण्याने कोणाचं नुकसान होत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राबद्दलचे घाबरवणारे फॉरवर्डही अधूनमधून फिरतात. केंद्राचं किंवा जिल्हा प्रशासनाचं निवेदन नसेल तर ते राहू देऊ नका. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या अखेरीपासून भूकंपाचे धक्के बसतायत. "आज रात्री अडीचला मोठा धक्का बसणार" असा मेसेज आला की बिनदिक्कत पुसा, कारण भूकंपाची वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कोणाकडे नाही. वादळाचं मात्र भाकीत होतं, म्हणून तिथे हवामान खात्याचं पत्रक बघून त्याची तारीख तपासा. जुन्या वादळाचं पत्रक नव्या वर्षी फिरवणारे प्रत्येक गावात दोन-चार असतातच.

मुलं पळवणाऱ्यांच्या मेसेजबद्दल माझा नियम कडक आहे: चर्चा नाही, "सावध राहिलेलं बरं" नाही, लगेच काढायचा. खरंच मूल हरवलं असेल तर ११२ किंवा १०९८ लावा. गडचिंचल्यानंतर या जिल्ह्यात तरी यावर वाद नको.

एक सोपी खूण: मेसेजवर दोन बाण दिसत असतील तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरत आलाय. दोन बाण म्हणजे खोटं असं नाही; पण पाठवणाऱ्याने तो स्वतः लिहिलेला नाही, एवढं नक्की.

*ठेवायचं, तुम्हाला आवडलं नाही तरी.* पापलेटला यंदा भाव कमी का दिला, असं सभासदाने विचारलं. बर्फाच्या हिशेबावर शंका घेतली. सरपंचांच्या कामावर, आमदारांच्या भाषणावर, मंडळाच्या वर्गणीवर टोमणा मारला. बंदराच्या बाजूने लिहिलं आणि गाव विरोधात आहे, किंवा उलट. हे सगळं राहू द्या. शब्द बोचरे असले तरी राहू द्या. पदाधिकारी "काढा" म्हणाले तर त्यांना सांगा, उत्तर द्या, आम्ही तेही ठेवू. सहकारी सोसायटीत तर सभासदाला कारभाराबद्दल विचारायचा हक्कच आहे. ग्रुपवर तोंड बंद केलं तर तोच प्रश्न वार्षिक सभेत, चारचौघांत, जास्त चढ्या आवाजात येईल.

टीका आणि बदनामी यांतला फरक कसा ओळखायचा, हे अनेकांनी विचारलंय. ढोबळ कसोटी अशी: "हिशेब दाखवा" ही मागणी आहे. "मला हा हिशेब पटत नाही" हे मत आहे. "अमक्याने पाच लाख खाल्ले" हा आरोप आहे, आणि त्याला कागद लागतो. तिसऱ्या प्रकारात लिहिणाऱ्याला सांगा की कागद दाखव किंवा वाक्य बदलून टाक. त्याने ते केलं तर मेसेज राहू द्या. मधल्या मधे तुम्ही न्यायाधीश होऊ नका. पैसे खाल्ले की नाही, हे ठरवणं तुमचं काम नाही.

मेसेज काढायचा कसा

मेसेजवर बोट दाबून धरा, पुसण्याचं चिन्ह निवडा, "सगळ्यांसाठी" निवडा. ॲडमिनने पुसला हे सगळ्यांना दिसतं, तेव्हा गुपचूप काढल्याचं सोंग करू नका. फार जुना मेसेज असा पुसता येत नाही आणि ज्यांनी तो आधीच पुढे पाठवला त्यांच्याकडून तो परत येत नाही. म्हणून उशीर नको.

पुसण्याआधी मात्र गंभीर मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या: नंबर, तारीख, वेळ दिसेल असा. उद्या तक्रार झाली तर मेसेज होता आणि तुम्ही तो काढला, दोन्ही सिद्ध करायला तो लागेल. हा स्क्रीनशॉट पोलिसांसाठी आहे, दुसऱ्या ग्रुपसाठी नाही. अपवाद एकच: मुलांचा अश्लील मजकूर. त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, साठवू नका; नंबर आणि वेळ कागदावर लिहा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय तक्रार पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात लगेच कळवा.

मग टाकणाऱ्याला खासगीत लिहा. ग्रुपवर नाही. "दादा, तुमचा मेसेज काढला, त्यात त्या वहिनींचं नाव होतं म्हणून. बाकी मुद्दा पुन्हा मांडा." चारचौघांत सुनावलेला माणूस मुद्दा सोडून अब्रूसाठी भांडतो.

वातावरण फारच तापलं तर ग्रुपच्या परवानग्यांत जाऊन काही तास फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं करता येतं. करताना किती वाजता पुन्हा उघडणार ते लिहा, आणि त्या वेळेला उघडा. मतदानाच्या आदल्या रात्री बंद केलेले ग्रुप महिनाभर बंद राहिलेत, आणि लोकांनी कंटाळून दुसरे काढलेत.

एकटे ॲडमिन राहू नका

सातपाटीत एकट्या ॲडमिनची अडचण वेगळीच आहे. ग्रुप काढणारा बहुधा स्वतः तांडेल किंवा बोटमालक. तो समुद्रात गेला की रेंज गेली, आणि नेमकं तेव्हाच ग्रुपवर काहीतरी पेटतं. म्हणून निदान एक ॲडमिन किनाऱ्यावर राहणारा हवा: शिक्षक, दुकानदार, सोसायटीच्या कार्यालयातलं कोणी. एक बाई ॲडमिन असायलाच हवी. घाणेरडा मेसेज आला तर बायका तुम्हाला फोन करणार नाहीत, तिला करतील. सगळे ॲडमिन एकाच आळीतले किंवा एकाच पक्षाचे नकोत, नाहीतर प्रत्येक पुसलेला मेसेज दुसऱ्या आळीला आपला वाटेल.

नवा माणूस ॲडमिनच्या मंजुरीनेच आत येईल, अशी सोयही परवानग्यांत आहे. ती चालू ठेवा. फिरणाऱ्या लिंकवरून अनोळखी नंबर येतात, आणि वीजबिलाचे, बँकेच्या केवायसीचे सापळे तेच टाकतात.

माणसाला काढताना

मेसेज काढणं आणि माणूस काढणं यांत मोठा फरक आहे. माणसाला आधी खासगीत ताकीद, मग ग्रुपवर ताकीद, मग ठरावीक दिवसांसाठी बाहेर, आणि परत यायची तारीख सांगून. थेट काढायचं ते फक्त धमकी, अश्लील मजकूर, फसवणूक यांसाठी.

इथे एक खड्डा आहे, जो फार थोड्या ॲडमिनना माहीत असतो. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणं हा त्याखाली गुन्हा आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रुपमधून एखाद्याला काढलं म्हणजे वाळीत टाकलं असं होत नाही. पण जातपंचायतीने किंवा गावकीने बैठकीत ठरवलं की अमक्याच्या घराशी संबंध ठेवायचे नाहीत, आणि त्याच दिवशी तुम्ही त्याला समाजाच्या ग्रुपमधून काढलं, तर तुमचं ते बटण पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं. "पंचांनी सांगितलं" म्हणून कोणाला काढू नका. कारण ग्रुपवरच्या वागणुकीचं असू द्या, आणि ते लेखी असू द्या.

शिवाय ज्या ग्रुपवर पाण्याची वेळ, रेशन, वादळाचा इशारा येतो, तिथून कोणालाच काढू नका. असा ग्रुप वेगळा ठेवा, फक्त ॲडमिन लिहितील असा. भांडणं दुसऱ्या ग्रुपवर होऊ द्या.

पोलिसांचा फोन आला तर

घाबरून ग्रुप बंद करू नका, मेसेज पुसत सुटू नका; पुरावा नष्ट केल्याचा संशय त्यानेच येतो. तुमचे हक्क:

- बोलावणं लेखी मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक गरजेची नसेल तर पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५). नोटीस पाळलीत तर सहसा अटक होत नाही.
- साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर बाईला, पंधराच्या आतल्या मुलाला आणि साठीपुढच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊनच विचारावं लागतं.
- अपवाद सोडता बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही.
- अटक झालीच तर कारण सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, वकिलाला भेटू द्यायला हवं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायला हवं.
- फोन घेतला तर पंचनाम्याची प्रत घ्या, त्यात फोनचं वर्णन आहे ना ते बघून सही करा.

सणासुदीला पोलीस ॲडमिनची बैठक घेतात. जरूर जा. तिथे "ग्रुपवर काहीही आलं तर तुम्हीच जबाबदार" असं ऐकवलं जातं. ऐकून घ्या, वाद घालू नका. नागपूरचा निकाल त्याने बदलत नाही. मनाईचा आदेश असेल तर त्याची प्रत मागा आणि नेमकी कशाला मनाई आहे ते वाचा.

तुम्ही नुसते सदस्य असाल तर

तुम्हाला कोण ग्रुपमध्ये घेऊ शकतं, हे तुमच्या फोनच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ठरवता येतं. "सगळे" ऐवजी "माझे संपर्क" करून टाका. नको असलेल्या ग्रुपमधून निघालात तर त्याची सूचना आता फक्त ॲडमिनना जाते, गाजावाजा होत नाही. तुमचा मेसेज काढला तर कारण विचारा, आणि कारण मिळालं नाही तर तोच मुद्दा सभ्य शब्दांत पुन्हा टाका. तुमच्याबद्दल घाण लिहिली गेली तर आधी स्क्रीनशॉट, मग ॲडमिनला लेखी सांगणं, मग पोलीस ठाणं. तक्रार नोंदवल्यावर एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते. पैसे गेले असतील तर तासाभरातच १९३० लावा, तिथे उशीर करणं सर्वांत महाग पडतं.

ॲडमिनपद सोडायचं असेल

कंटाळा येतो, आणि त्यात गैर काही नाही. पण एकदम निघून जाऊ नका. शेवटचा ॲडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप सदस्यांपैकी कोणालातरी आपणहून ॲडमिन करतं, आणि तो कोण असेल हे तुमच्या हातात नसतं. आधी दोघांना ॲडमिन करा, नियम आणि कोणाला कशासाठी ताकीद दिली ती यादी त्यांच्या हाती द्या, ग्रुपवर तसं लिहा, आठवडाभर मागे राहा, आणि मग निघा.